उडत्या पाखराची ढब



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे पाखरांचा विषय पाहून पुष्कळांना ती छपाईची चूक वाटली असेल. चिटणिसांना दोघा-तिघांनी तसे विचारलेही म्हणे. गेली तीस वर्षे आम्ही या गावात बोललो ते कारखान्याच्या फाटकासमोर, खोक्यावर उभे राहून. आणि बोललो तेही पगारवाढीवर, कंत्राटी कामगारांवर, नाही तर टाळेबंदीवर. असा मनुष्य पाखरांवर काय बोलणार, आणि बोलता बोलता वर्गणीची पावती तर फाडणार नाही ना, अशी शंका कोणाला आली असेल तर आम्ही राग मानीत नाही. पावतीपुस्तक आज घरीच ठेवून आलो आहोत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे वाचले ते रातपाळी करून, वाचनालयाच्या बाकावर डोळ्यांना पाणी लावून वाचले. तेव्हा शास्त्रीय व्याख्यान ऐकण्याच्या इच्छेने जे आले आहेत त्यांची थोडी निराशा होणार. उडते पाखरू त्याच्या आकारावरून ओळखायला आम्ही मुलांना कसे शिकवले, आणि शिकवता शिकवता आमचे काय काय चुकले, एवढेच आम्हांला सांगता येईल.

आज सभा सुरू होण्यापूर्वी अर्धा तास या गोदाकाठी आपण जागा धरून बसला होतात. तेव्हा पुलाच्या कमानीखालून पाखरांचा एक थवा किलकिलाट करीत बाहेर पडला, डोक्यावरून चक्कर मारून पुन्हा आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. आमच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी त्यांना चिमण्या म्हटले. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "वटवाघळं आहेत, पदर डोक्यावर घ्या." त्या पाकोळ्या होत्या. आता एवढ्या अंधुक प्रकाशात हे कशावरून? रंग तर दिसत नव्हता. चोच दिसत नव्हती. दिसत होता तो विळ्यासारखा वाकलेला काळा आकार आणि त्याची चाल. तेवढ्यावर ओळख पटते. आजचा आमचा सगळा विषय एवढाच आहे.

ही विद्या आम्हांला पाखरांनी शिकवली असे मात्र नाही. ती फाटकावर शिकलो. पहिली पाळी सकाळी सातची. हिवाळ्यात साडेसहाला अंधारच असतो. आम्ही पत्रके घेऊन उभे, आणि समोरून धुक्यातून माणसांच्या सावल्या येताहेत. कानटोपी, मफलर, वर शाल. तोंड दिसायचे नावच नको. तरीही शंभर पावलांवरून आम्ही सांगत असू, हा फाउंड्रीतला, हा पॅकिंगमधला, आणि हा जो डबा डाव्या हातात घेऊन जरा झुकून चालतो तो आज रजेवर होता, मग आला कसा? साध्या वेषातला पोलीस तर आम्ही चालीवरूनच ओळखीत असू. कामावर जाणारा मनुष्य असा निवांत पावले टाकीत कधी चालत नाही. मराठीत याला सुंदर शब्द आहे, ढब. माणसाची ढब एकदा डोळ्यांत बसली की नाक-डोळे पाहावे लागत नाहीत. पाखरांचेही तसेच आहे. उलट पाखराच्या बाबतीत ढबीवाचून गत्यंतर नाही, कारण ते आभाळात असते आणि आभाळाचा उजेड पाठीमागून येतो. रंगीत चित्रांच्या पुस्तकातली तपकिरी पाठ आणि पिवळसर पोट वर पाहताना सगळे काळेच दिसते.

आता आम्ही या भानगडीत पडलो कसे ते सांगतो. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला एक कामगारवस्ती आहे. तेथे आमच्या युनियनच्या खोलीत रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चाले. आईबाप जादा कामावर गेले की पोरे रस्त्यावर. ती निदान दोन तास एका जागी बसावीत एवढाच हेतू. पण पोरे बसत नसत. पाढे म्हणता म्हणता त्यांचे डोळे खिडकीबाहेर. एकदा रागाने आम्ही विचारले, बाहेर काय एवढे सोने लागले आहे? सात-आठ वर्षांची एक मुलगी उठून म्हणाली, "काका, ती वर फिरतीय ती घार की गिधाड?"

आम्ही वर पाहिले, आणि पुढाऱ्याच्या आवाजात सांगून टाकले, "गिधाड." पुढाऱ्याला 'माहीत नाही' म्हणण्याची सवय नसते, हा आमच्या धंद्याचा दोष आहे.

दाराशी त्या मुलीची आजी तिला न्यायला आली होती. म्हातारीच्या घरी पूर्वी मेलेली जनावरे ओढून नेऊन कातडी सोडवण्याचे काम होते. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "दादा, शेपटीकडं बघा की. गिधाडाला येवढं शेपूट असतंय व्हय? गिधाड म्हंजी उडतं घोंगडं. घारीच्या शेपटीला खाच असती." आणि मग जरा थांबून म्हणाली, "गिधाड बघून मला वीस वर्सं झाली."

सगळ्या वर्गासमोर आमची अशी फजिती झाली. पण पुढच्या रविवारपासून पाढे दुय्यम झाले आणि आजीबाई आमच्या पहिल्या गुरू झाल्या.

आजींचे म्हणणे पुस्तकांशी ताडून पाहिले. तंतोतंत खरे निघाले. घारीची शेपटी लांब, टोकाला उथळ खाच असलेली. पण यात एक मेख आहे. घार शेपटी पंख्यासारखी पसरते तेव्हा ती खाच जवळजवळ नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. म्हणून एका नजरेत निकाल देऊ नये. ती वळेपर्यंत थांबावे. वळताना ती शेपटी अशी काही तिरपी करते, की नावाड्याने सुकाणू फिरवावे. हे सुकाणू पाहिले की दुसरा पुरावा लागत नाही. गिधाडाचे पंख रुंद, फळीसारखे, टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी सुटी, शेपटी आखूड, डोके खांद्यांत बुडालेले. घारीचे वजन किलोच्याही आत आणि गिधाडाचे चार-पाच किलो किंवा अधिकच, पण हे वजन आभाळात दिसत नाही; दिसतो तो त्याचा संथपणा. किनाऱ्यावर आणि मोठ्या तळ्यांवर आणखी एक घार असते, ब्राह्मणी घार. तिची शेपटी गोल, खाच मुळीच नाही.

पुस्तके कोणती वाचलीत, असे कोणी विचारील. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली निघाले. त्याची एक जीर्ण आवृत्ती आम्हांला वाचनालयात मिळाली. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो, त्यामुळे एक पान एक रात्र घेई. पुढे अमेरिकेतल्या रॉजर टोरी पीटरसन यांची हकीकत वाचनात आली. हा एका फर्निचरच्या कारखान्याच्या गावातला मुलगा. लहानपणी त्याने अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांची १९०३ साली निघालेली एक गोष्ट वाचली. तीत एक मुलगा दूरवर पोहणारी बदके ओळखता येईनात म्हणून वैतागतो, आणि दुरून दिसणाऱ्या बदकांच्या नुसत्या ठोकळ चित्रांचा तक्ता स्वतःच काढतो. पीटरसनने तीच युक्ती उचलली. १९३४ साली त्याने पाखरांचे असे पुस्तक काढले, की ज्यात बारीक पिसाऱ्यापेक्षा एकंदर घडण महत्त्वाची, आणि जेथे पाहावयाचे तेथे बाण. आधी प्रकाशकांनी ते नाकारले होते. छापल्यावर पहिल्या दोन हजार प्रती आठवड्यात संपल्या. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे काळ्या आकृतीवरून ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना आणि नागरिकांना दिले गेले, तेही याच वळणाचे. एका मुलाला बदके ओळखता येत नव्हती, तेथून निघालेली गोष्ट कोठे जाऊन पोहोचली पाहा.

आम्ही केले ते याहून स्वस्तात. जुन्या दिनदर्शिकांचे पुठ्ठे जमवले, त्यावर आकार काढून कात्रीने कापले आणि शाईने काळे केले. मग खोलीतल्या ट्यूबलाइटखाली पुठ्ठा धरायचा, एक-दोन असे मोजायचे आणि लपवायचा. जास्त वेळ दाखवायचा नाही. पाखरू आपल्यासाठी थांबत नाही, मग पुठ्ठ्याने का थांबावे? पहिल्या दिवशी मुलांनी सगळ्यालाच कावळा म्हटले. तिसऱ्या रविवारी घार, कावळा, बगळा आणि पोपट वेगळे झाले. मग खोलीतून गच्चीवर. सकाळी फार लवकर जाऊन घारी दिसत नाहीत, हेही आम्ही तेथेच शिकलो. ऊन चढून जमीन तापली आणि गरम हवेचे झोत वर निघू लागले, की घार त्यावर स्वार होऊन पंख न हालवता गोल गोल चढते. म्हणजे घारीलाही कामावर यायची वेळ आहे, आणि तीही सूर्याच्या भोंग्यावर.

मुलांना शब्द आमचे दिले तर ते टिकत नाहीत, त्यांचे त्यांना काढू द्यावेत, हा आमचा अनुभव. पाकोळीला एकाने 'कोयता' म्हटले, कारण त्याचे आईबाप हंगामात ऊसतोडीला जातात. बगळा उडतो तेव्हा मान आखडून इंग्रजी 'एस' अक्षरासारखी करतो, त्याला एक मुलगी म्हणाली, "नळाचा वाकडा पाइप." तिचा बाप प्लंबर. पाणकावळ्याची मान पुढे, शेपटी मागे, दोन्ही बाजूंना पंख, म्हणून तो 'फुली'. पोपटाला 'बाण'. वेडा राघू पंख ताणून तरंगतो तेव्हा त्याचा होतो त्रिकोण, त्याला 'पतंग' म्हणाले. हुदहुद अशी फडफडत, खालीवर डुलत जाते की तिला 'फुलपाखरू' म्हटल्यावाचून राहवत नाही. परीट पाखरू लाटेवरून गेल्यासारखे जाते, चढते आणि उतरते. त्याला मुलांनी 'स्पीडब्रेकर' नाव दिले, आणि ते आम्ही रद्द केले नाही. आमच्या पूर्वजांनी तरी काय केले होते? कुदळीसारखी चोच म्हणून कुदळ्या. आणि नावे पाहा: सुतार, शिंपी, तांबट, परीट. बांधकामवाली सुगरण. ही तर आमच्या युनियनची यादीच झाली! त्यांत एक कोतवालही आहे, आणि तो घारी-कावळ्यांना आपल्या हद्दीबाहेर पिटाळतो. एवढ्यापुरते या कोतवालाशी आमचे वैर नाही.

मानेचे मात्र नीट सांगितले पाहिजे, कारण मोठी माणसेही येथे फसतात. बगळ्याच्या जातीचे पाखरू लांब उडताना मान आखडून घेते. करकोचा, क्रौंच, शराटी, रोहित हे सगळे मान पुढे ताणून जातात. पण बगळा उडी घेतो त्या पहिल्या क्षणी त्याचीही मान लांबच असते. दहा-बारा वेळा पंख मारल्यावर ती आत जाते. आमच्या एका विद्यार्थ्याने या पहिल्या क्षणावर बगळ्याला करकोचा ठरवले आणि पैज हरला. तशीच पाकोळी आणि भिंगरी यांची गल्लत. दोघीही हवेतच किडे टिपतात. पण तारेवर रांगेने बसलेली दिसली तर ती पाकोळी नव्हे. पाकोळीचे पाय इतके आखूड की ती भिंतीला चिकटते. तारेवर किंवा फांदीवर बसत नाही.

अगदी लहान मुलांसाठी आम्ही आपला जुनाच खेळ वापरला. बोट जमिनीवर टेकून 'कावळा भुर्र, चिमणी भुर्र' म्हणायचे आणि मध्येच 'म्हैस भुर्र' करून फसवायचे, तो. आम्ही त्यात एवढीच भर घातली की बोट उचलताना पाखराची चाल हाताने करून दाखवायची. घार म्हणताच हात तरंगला पाहिजे, कावळा म्हणताच एकसारखा वल्हवला पाहिजे. चार वर्षांच्या पोरांचे हात बरोबर चालतात. मोठ्यांचे चुकतात, घरी करून पाहा.

येथे एक प्रयोग सांगावासा वाटतो. १९३७ साली कोनराड लोरेन्ट्स आणि निको टिनबर्गेन या दोघा शास्त्रज्ञांनी पुठ्ठ्याचा एक आकार केला. एका दिशेने ओढला तर लांब मानेचा हंस वाटावा, उलट ओढला तर तीच मान शेपटी होऊन ससाणा वाटावा. तो त्यांनी पिलांच्या डोक्यावरून फिरवला. हंसाच्या दिशेने नेला की पिले स्वस्थ, ससाण्याच्या दिशेने नेला की धावपळ. ससाण्याचे भय जन्मतःच रक्तात असते, असा अर्थ त्यातून पुढे पुष्कळांनी काढला. आम्ही हे वाचून हुरळलो. वस्तीत कोंबड्या होत्याच. दोन गच्च्यांमध्ये दोरी बांधली, पुठ्ठा अडकवला, एका बाजूने मुले, दुसऱ्या बाजूने आम्ही. पहिल्या खेपेला कोंबड्या ससाण्याला भ्यायल्या. दुसऱ्या खेपेला हंसालाही तितक्याच भ्यायल्या. चौथ्या खेपेला एकही जागची हालली नाही, आणि कोंबड्यांच्या मालकिणीने आम्हांला जे ऐकवले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. आम्हांला वाटले, आमचेच काही चुकले. पुढे कळले की १९६१ साली वोल्फगांग श्लाइट यांनी हा प्रयोग टर्की कोंबड्यांवर पुन्हा केला. त्यांना आढळले ते असे, की जो आकार नेहमी दिसतो त्याची भीती जाते आणि जो क्वचित दिसतो त्याची उरते. म्हणजे कोंबडीसुद्धा आकार शिकते. आमच्या मालकिणीच्या कोंबड्या तीन खेपांत शिकल्या होत्या.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे निमंत्रण स्वीकारले, ती सांगतो.

वर्गात एक मुलगा होता. पाचवीतला. शाळेत त्याला मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसवले होते. शाळेचे नाव सांगत नाही. अशा शाळा पुष्कळ आहेत. त्याची आई घरकाम करते. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं तरी बसू दे. शाळेत म्हणतात पोरगं वाया गेलं." तो पुठ्ठ्यांच्या खेळात पहिला येऊ लागला. दोन मोजण्याच्या आत नाव सांगे. पण गच्चीवर नेले की गप्प. सगळ्यांनी 'घार' म्हटले की मागाहून हा म्हणे. आम्हांला वाटले, कंटाळा करतो, दुसऱ्यांच्या जिवावर जगतो. आम्ही त्याला दोनदा सर्वांसमोर बोललो. फाटकावर कामचुकाराला बोलतो तसे बोललो. हे आज सांगताना बरे वाटत नाही.

सहा आठवडे असेच गेले. एके दिवशी अगदी खाली, विजेच्या खांबापाशी घार फिरत होती. आम्ही त्याला एकट्याला विचारले, "शेपटीची खाच दिसते का?" तो म्हणाला, "काका, शेपूट कुठंय?"

त्याला शेपूट दिसतच नव्हते. त्याला आभाळात एक काळसर डाग फिरताना दिसे, आणि तो गोल गोल फिरतो म्हणून तो घार म्हणे. बगळा म्हणजे 'पांढरं जातं ते'. केवळ चालीवरून तो आजवर निभावून नेत होता. खोलीत पुठ्ठा हातभर अंतरावर होता, म्हणून तेथे तो पहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने अर्ध्या दिवसाचा खाडा केला आणि आम्ही दोघे त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. दोन्ही डोळ्यांना चारच्या वर नंबर निघाला. फळ्यावरचे अक्षर त्याने कधीच वाचले नव्हते. मागच्या बाकावरून तर नाहीच.

चष्मा आला त्या रविवारी तो गच्चीवर आला. आम्हांला वाटले, आता घार पाहील. त्याने घारीकडे पाहिलेच नाही. कठड्याशी उभा राहून तो समोरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काका, पानं सुटी सुटी असतात?"

त्यानंतर युनियनच्या खर्चाने वर्गातल्या सगळ्या मुलांचे डोळे तपासून घेतले. आणखी चौघांना चष्मा लागला. हा खर्च कोणत्या खात्यात घालावा यावर कार्यकारिणीत दोन तास वाद झाला आणि तो अखेर 'संकीर्ण' मध्ये गेला.

आमच्या सोबत्यांनी आमच्यावर टीका केली नाही असे समजू नका. एका टाळेबंदीच्या दिवसांत एका जुन्या कामगाराने द्वारसभेतच विचारले, "इथं चूल पेटत नाही आणि तुम्ही पोरांना पाखरं मोजायला लावता?" प्रश्न योग्य होता. आम्ही गिरणगावात वाढलो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो, आणि चूल न पेटणे म्हणजे काय हे आम्हांला पुस्तकातून कळलेले नाही. त्या कामगाराला आम्ही त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी आजीबाईंच्या त्या वाक्याकडे परत जावे लागते. गिधाड बघून वीस वर्षे झाली.

हिंदुस्थानात १९९० च्या सुमारापर्यंत गिधाडे इतकी होती की कोणी मोजण्याच्या भानगडीत पडत नसे. मग ती नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शेकडा नव्याण्णवांहून अधिक घटली. मुंबईत मलबार टेकडीवरच्या पारशी बांधवांच्या दखम्यांवर गिधाडे येईनाशी झाली आणि त्यांच्या अंत्यविधीचाच प्रश्न उभा राहिला. कारण कळायला २००४ साल उजाडले. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचले जाई. असे जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली आपल्या सरकारने गुरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना अपाय करीत नाही. पण तोवर व्हायचे ते झाले होते. उघड्यावर मढी कुजू लागली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली हिशेब मांडला, की २००० ते २००५ या पाच वर्षांत गिधाडांच्या अभावामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली असावीत. हिशेब अंदाजाचा आहे, हे आम्ही जाणतो. मालकांचे ताळेबंद पाहून आकड्यांवर एकदम विश्वास न ठेवण्याची आम्हांला सवय आहे. पण तो निम्मा जरी खरा धरला, तरी यात कोणाची माणसे गेली असतील? ज्यांच्या वस्तीशेजारी मढी टाकली जात, त्यांचीच.

आणि हे होत असताना गावातले लोक काय करीत होते? वर पाहून घारीला गिधाड म्हणत होते, आमच्यासारखे. आभाळात काहीतरी फिरते आहे ना, मग सर्व ठीक आहे. फरक कळला तो हाडे-कातडी गोळा करणाऱ्यांना. त्यांना तो सर्वांच्या आधी कळला, पण त्यांना विचारायला कोणी गेले नाही आणि त्यांच्याकडे लिहून ठेवायला वही नव्हती. कारखान्यातही असेच घडते. यंत्राचा आवाज बदलला हे पहिल्यांदा मदतनिसाला कळते. चौकशी मात्र अपघात झाल्यावर इंजिनियराकडे होते. म्हणून आमच्या वर्गात आता एक वही आहे. दर रविवारी अर्धा तास, त्याच गच्चीवरून, काय उडाले आणि किती, एवढेच तीत लिहायचे. घारी किती, पाकोळ्या किती, बगळे कोणत्या दिशेने. त्या जुन्या कामगाराचा नातू आज ती वही लिहितो. आजोबांनी अजून आमचे म्हणणे मान्य केलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलांना टेंपोतून नांदूर मध्यमेश्वरला नेले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे ते पाणथळ. २०२० साली रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले पहिले. तेथले पाखरांचे वैभव सांगत बसलो तर अध्यक्ष घंटा वाजवतील. एकच सांगतो. मोठ्या दुर्बिणी घेतलेली मंडळी मनोऱ्यावर उभी होती. दूरवरून सात-आठ मोठी पाखरे येत होती, अजून ठिपक्यांएवढी. आमचा चष्मेवाला हळूच म्हणाला, "मान बाहेर आहे. बगळे नाहीत." दुर्बिणीतून पाहणाऱ्या एका सज्जनांनी वळून त्याच्याकडे पाहिले, पुन्हा दुर्बीण लावली आणि म्हणाले, "बरोबर. करकोचे." मग त्यांनी ती दुर्बीण त्याच्या गळ्यात घातली. टेंपो निघेपर्यंत ती काढून घ्यायला आम्हांला फार कष्ट पडले.

त्याच महिन्यात आजीबाईंना अंजनेरीच्या पायथ्याशी नेले. त्या कड्यांवर गिधाडांची वस्ती राहत आली आहे. दुपारी कड्यावरून एक निघाले, पंख न हालवता आमच्यावरून गेले. आजींना आता नीट दिसत नाही, मोतीबिंदू आहे. त्यांनी हाताची झापड करून वर पाहिले आणि विचारले, "शेपूट हाय का?" नात म्हणाली, "नाही गं, आखूड आहे." आजी म्हणाल्या, "मग त्येच." आणि तेथेच खडकावर बसून राहिल्या.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या दिनदर्शिका असतील त्यांनी पुठ्ठे फेकू नयेत, आमच्याकडे पाठवावेत, एवढी विनंती आहे, वर्गणी नव्हे. आणि एक वाद आपल्यासमोर ठेवून रजा घेतो. गेल्या रविवारी गच्चीवरून एक पाखरू गेले. चार-पाचदा भरभर पंख मारायचे, मग तरंगायचे, पुन्हा पंख मारायचे; पंख आखूड, शेपटी लांब. निम्मी मुले म्हणाली शिक्रा. निम्मी म्हणाली पावशा, कारण पावशा हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो आणि उडतो, आणि दिवस त्याच्या ओरडण्याचेच आहेत. चिमण्या कलकलाट करून पळाल्या, पण त्या दोघांनाही भितात, तेव्हा त्यांची साक्ष निरुपयोगी. मुलांनी आमच्याकडे निकाल मागितला. आम्ही या खेपेला पुढाऱ्याचा आवाज काढला नाही. वहीत चष्मेवाल्याच्या अक्षरात नोंद आहे: "शिक्रा किंवा पावशा. पुन्हा पाहणे." येत्या रविवारी सकाळी साडेसातला आम्ही गच्चीवर आहोत.